पहिलं वाद्य घेताना: कमी पैशात सुरात राहणारं वाद्य कसं ओळखायचं

माझी पहिली गिटार दिसायला सुरेख होती. चकचकीत पॉलिश, कडेने पांढरी नक्षी, सोबत पिशवी आणि पट्टा. तिच्यावर मी आठ महिने एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) वाजवायचा प्रयत्न केला. बोटांना घट्टे पडले, पण पहिल्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) ती आडवी पकड काही बसली नाही. दोन तारा बोलायच्या, बाकीच्या नुसत्या ठकठकायच्या. हे आपल्याला जमण्यातलं नाही असं मी मनाशी ठरवलं आणि गिटार कपाटावर गेली. तीन वर्षांनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या हातात ती पडली. त्यांनी बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी धरली, तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर पाहिलं आणि विचारलं, "हिच्यावर शिकत होतात तुम्ही?" सर्वांत जाड तार साडेतीन मिलिमीटर वर होती, ती अडीचच्या आसपास हवी. नटमधल्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीतल्या, खाचा तर जेमतेम कोरलेल्या होत्या. त्यांनी खाचा खोल केल्या, सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालच्या बाजूने दोन मिलिमीटर घासलं, नव्या तारा चढवल्या. काम तासाभराचं होतं. त्या संध्याकाळी एफ कॉर्डच्या सहाही तारा वाजल्या.

नवशिक्यासाठी वाद्य निवडणं अवघड असतं ते यामुळेच. हात मुरलेला असला की खराब वाद्य मिनिटभरात कळतं. ज्याने आजवर एकही सूर लावलेला नाही त्याला चूक बोटांची की लाकडाची हे कळायला मार्ग नसतो, आणि तो ती स्वतःच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. म्हणून कमी पैशात वाद्य घेताना मी दोनच अटी धरते. वाद्याने लावलेला सूर धरून ठेवला पाहिजे, आणि त्याने हाताला अडवता कामा नये. नाद किती भरीव, लाकूड कोणतं, नक्षी कशी, हे सगळं पुढच्या वाद्याच्या वेळी पाहता येतं. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या तपासण्या तुम्हाला वाजवता येत नसतानाही करता येतात. सोबत फोनवर ट्यूनरचं, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणारं, एखादं मोफत ॲप आणि खिशात मिलिमीटरच्या खुणांची छोटी मोजपट्टी असली की पुरे.

पायरी १: आधी काय वाजवायचं ते ठरवा

दुकानात जायच्या आधी कागदावर दहा गाणी किंवा रचना लिहा, ज्या वाजवता याव्यात असं तुम्हाला मनापासून वाटतं. त्या यादीतून वाद्य बहुतेक आपोआप ठरतं. गाता गाता साथ करायची असेल तर गिटार, युकुलेले, कीबोर्ड किंवा पेटी. बासरी तोंडात असताना गाता येत नाही, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते. नुसती चाल वाजवायची असेल तर बासरी, व्हायोलिन, कीबोर्ड. ताल हातात भिनवायचा असेल तर तबला, काहोन (खोक्यासारखं तालवाद्य), नाहीतर ड्रमसाठी रबरी सराव-पॅड.

मग घराचा विचार. भिंतीपलीकडे कोणी झोपत असेल आणि तुम्हाला रात्रीच वेळ मिळत असेल, तर हेडफोन लावता येणारं वाद्य घ्या. शांतपणे वाजवता येणारा ध्वनिक ड्रमसेट अस्तित्वात नाही. व्हायोलिनचा आवाज तर वाजवणाऱ्याच्या कानापासून वीतभर अंतरावरच निर्माण होतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तो घरातल्या सगळ्यांनाच ऐकावा लागतो.

शिकवणारं कोणी ठरलं असेल तर खरेदीआधी त्यांना विचाराच, विशेषतः बासरी आणि तबल्याच्या बाबतीत. ही वाद्यं ठरावीक पट्टीची असतात. पट्टी म्हणजे सा मानलेला सूर, आणि पांढरी पाच, काळी दोन ही नावं पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून पडलेली. गुरुजी पांढरी पाचमध्ये शिकवणार आणि तुमची बासरी काळी दोनची, असं झालं तर वर्गात दोघांचेही हाल होतात.

पायरी २: सगळे पैसे वाद्यावर घालू नका

ठरवलेल्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा. गिटार किंवा युकुलेले असेल तर तो सेटअपला, म्हणजे कारागिराकडून तारांची उंची आणि नट जुळवून घ्यायला, आणि नव्या तारांना जाईल. कीबोर्ड असेल तर पक्का स्टँड आणि पायाने दाबून सूर लांबवायचं पेडल. व्हायोलिन असेल तर तारा आणि गजाला लावायची राळ. मध्यम गिटार सेटअप केल्यावर जितकी सोपी होते, तितकी सोपी तिच्या दीडपट किमतीची गिटार सेटअपशिवाय असेलच असं नाही. माझा स्वतःचा अनुभव तर असा आहे की सेटअपवर घातलेला पैसा पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त परत मिळतो.

"सगळं एकत्र" अशा संचांपासून जरा जपून राहा. वाद्य, पिशवी, पट्टा, ट्यूनर, स्टँड, पुस्तक, सगळं एका खोक्यात आणि तेही कमी किमतीत, असं असेल तेव्हा काटकसर कुठेतरी झालेली असते, आणि ती बहुधा वाद्यातच असते. पिशवी कापडी असली तरी चालते.

पायरी ३: वाद्यागणिक काय पाहायचं

*गिटार*

पहिला प्रश्न नायलॉनच्या तारा की स्टीलच्या. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो, स्टीलच्या हलक्या संचाचा ७० किलोच्या आसपास. बोटांच्या पेरांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पण क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारची मान रुंद असते, नटजवळ साधारण ५२ मिलिमीटर, तर स्टीलच्या गिटारची ४३च्या आसपास. छोट्या हाताला नायलॉन मऊ वाटेल, पण पंजा ताणावा लागेल. दोन्ही प्रकार हातात धरून पाहिल्याशिवाय ठरवू नका. आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. तेवढा ताण सोसायला ती बनवलेलीच नसते, ब्रिज (सॅडल जिच्यात बसवलेलं असतं ती पाटीवर चिकटवलेली लाकडी पट्टी) उखडून येतो.

आता तपासणी. गिटार आडवी डोळ्यांसमोर धरा आणि डोक्याच्या बाजूने मानेवरून नजर टाका. मान पिळलेली दिसली तर तिथेच ठेवून द्या, हा दोष स्वस्तात दुरुस्त होत नाही. मग तारांची उंची, जिला गिटारवादक ॲक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली स्टीलच्या गिटारला दोन ते अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड ते दोन. नायलॉनला जास्त लागते, तीन ते चार. थोडी जास्त असेल तर घाबरू नका, पण सॅडल किती शिल्लक आहे ते पाहा. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. सॅडल आधीच लाकडाला टेकलेलं आणि तार तरीही उंच, अशी गिटार नको.

नटची परीक्षा फार कमी लोक करतात, आणि नवशिक्याचा छळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते पाहा. कागदाच्या जाडीइतकी असेल तर उत्तम. सहज दिसेल एवढी मोठी असेल तर खाचा उथळ आहेत आणि पहिल्या दोन फ्रेटांवरच्या पकडी तुम्हाला रडवतील. हे कारागिराकडून करून घेता येतं, म्हणून एवढ्यासाठी गिटार नाकारू नका. फक्त तो खर्च किमतीत धरा.

तिसरी गोष्ट, सूर. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तोच सूर एका सप्तकाने वर मिळायला हवा. ट्यूनर लावून मोकळी तार सुरात आणा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. काटा मधोमध किंवा अगदी थोडा सरकलेला, साधारण पाच सेंटच्या आत असावा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, ट्यूनर तोच दाखवतो). सहाही तारांवर हे करा. इथे मोठा फरक पडत असेल तर तुम्ही मोकळ्या तारा कितीही नीट लावल्या तरी वरचे कॉर्ड बेसूरच ऐकू येतील. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. सव्वाशेच्या आसपास सूर होतात, पाच मिनिटांचं काम. एखाद्या ठिकाणी तार खरखरते किंवा सूर मरतो का ते कळतं. शेवटी मानेच्या कडेवरून हात फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर ती घासलेली नाहीत.

एकसंध लाकडाच्या पाटीची (पाटी म्हणजे गिटारचा पुढचा सपाट भाग) गिटार चांगली वाजते हे खरं. पण पहिल्या गिटारसाठी प्लायची पाटी मला उलट बरी वाटते. दमट-कोरड्या हवेत ती कमी फुगते, कमी आकसते, आणि नव्या माणसाकडून वाद्याची जी थोडी हेळसांड होते ती सहन करते.

इलेक्ट्रिक गिटार आधी घेऊ नये असं खूप जण सांगतात. मला ते पटत नाही. तिच्या तारा बारीक आणि खाली असतात, बोटं कमी दुखतात, आणि ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या खोक्याला) हेडफोन लावून रात्री वाजवता येतं. तुमच्या यादीतली दहा गाणी इलेक्ट्रिक गिटारची असतील तर तीच घ्या, फक्त ॲम्प आणि केबलचे पैसे धरून.

*युकुलेले*

चार तारा, मऊ नायलॉन, छोटी मान. लहान मुलांसाठी आणि ज्यांना पटकन गाण्याला साथ करायची आहे त्यांच्यासाठी यापेक्षा सोपी सुरुवात मला माहीत नाही. सोप्रानो सगळ्यात लहान, मग कॉन्सर्ट, मग टेनर. मोठ्या माणसाच्या बोटांना सोप्रानोवर दाटी होते, कॉन्सर्ट घ्या. बाराव्या फ्रेटची सुराची परीक्षा इथेही लागू आहे, आणि अगदी स्वस्त युकुलेले बहुतेक तिथेच नापास होतात. खेळण्यांच्या रांगेत मिळणारं युकुलेले म्हणजे वाद्याच्या आकाराची वस्तू असते. मुलासाठी घेत असाल तर हे अधिकच लक्षात ठेवा, कारण मुलाचा कान त्याच बेसूर आवाजावर तयार होत असतो.

*कीबोर्ड*

कीबोर्डचा मोठा फायदा असा की तो बेसूर होऊ शकत नाही. कोणतीही पट्टी दाबा, सूर बरोबरच येतो. त्यामुळे इथे दुसरी अट, हाताला न अडवण्याची, जास्त महत्त्वाची.

पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात. मोजपट्टीने सात पांढऱ्या पट्ट्यांची एकत्र रुंदी मोजा, ती साडेसोळा सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवी. बरीच कमी आली तर त्या मिनी पट्ट्या आहेत, आणि त्यांच्यावर बसलेला हात मोठ्या वाद्यावर चुकतो. ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं, गाणी आणि साथीसाठी भरपूर होतात. दुसरी अत्यावश्यक गोष्ट टच रिस्पॉन्स. एकच पट्टी हळू आणि मग जोरात वाजवा. आवाजात फरक पडला नाही तर तो कीबोर्ड घेऊ नका, कारण त्यावर वर्षभर शिकूनही बोटांना हळू-जोरात वाजवणं कधी शिकायला मिळणार नाही.

पियानोच शिकायचा असेल तर मात्र हिशेब बदलतो. पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि त्या जड असतात, कारण प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी उचलली जाते. त्यासाठी वेटेड पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागतो. ते बजेटबाहेर असेल तर ६१ पट्ट्यांवर सहा महिने ते वर्ष सुरुवात करायला काहीच हरकत नाही. तोवर पैसे साठवता येतात.

आत किती आवाज आहेत, किती ताल आहेत, हे आकडे खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि तेच सगळ्यात बिनकामाचे. शेकडो आवाजांपैकी तुम्ही पाच वापराल. त्यापेक्षा मागची बाजू पाहा: हेडफोनचं भोक आहे का, पेडलचं आहे का, संगणकाला जोडायची यूएसबी सोय आहे का. पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी किती सूर टिकतात, ३२ तरी असावी, पेडल वापरणार असाल तर ६४ किंवा त्याहून जास्त. कमी असेल तर पेडल दाबून वाजवताना आधीचे सूर मध्येच गळून पडतात.

एक सापळा सांगून ठेवते. "मिडी कीबोर्ड" किंवा "मिडी कंट्रोलर" नावाने मिळणारी वस्तू स्वतः आवाज करत नाही. ती संगणकाला किंवा फोनला जोडावी लागते. दिसायला अगदी कीबोर्डसारखी, किंमत कमी, आणि घरी आणल्यावर नुसत्या पट्ट्यांचा खट्खट् आवाज.

*पेटी*

भाता आधी. सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता मारत राहा. थोड्याच वेळात आत हवा भरून तो घट्ट व्हायला हवा. कितीही मारला तरी सैलच राहिला तर हवा गळते आहे. मग एक स्टॉप उघडून, कोणतीही पट्टी न दाबता भाता मारा. कुठलाही सूर आपोआप गुणगुणता कामा नये. त्यानंतर पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक सूर हळूच दाबून ऐका. काही रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या) उशिरा बोलतात, काही अगदी थोड्या हवेत गप्प होतात, त्यांच्या जागा लक्षात ठेवून विक्रेत्याकडून तिथेच दुरुस्त करून घ्या. डबल रीडच्या पेटीत दोन्ही रीड एकत्र वाजवताना सुरात लाटा आल्यासारखा थरथराट ऐकू आला तर त्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.

कपलर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) आणि स्केलचेंजर (सा बदलता यावा म्हणून सगळ्या पट्ट्या सरकवणारी सोय) पहिल्या पेटीला नकोत. जितके जास्त हलणारे भाग तितकं वजन आणि तितकी दुरुस्ती. दुसऱ्या पट्टीत, म्हणजे दुसरा सा धरून, गायची गरज पडेपर्यंत तुम्हाला त्या पट्टीत वाजवताही येऊ लागेल.

रागसंगीत गायला शिकणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की पेटी आणि कीबोर्ड दोन्ही बारा समान भागांत विभागलेले असतात, आणि त्यांचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. साथीला पेटी जरूर घ्या, पण सूर लावायची सवय तंबोऱ्यावर करा. फोनवरचा तंबोराही चालतो.

*बासरी*

कमी पैशात मिळणाऱ्या वाद्यांत बासरी माझी सर्वांत आवडती, आणि हातात घेऊन निवडायला सर्वांत अवघडही, कारण बांबूचा प्रत्येक तुकडा वेगळा. वरची तीन छिद्रं बंद केली की सा, सहाही बंद केली की खालचा पंचम. हे दोन सूर ट्यूनरवर तपासा, मग जोर वाढवून तोच सा वरच्या सप्तकात घ्या. खालचा बरोबर आणि वरचा उतरलेला, असं वारंवार होत असेल तर ती बासरी नको. तुम्हाला अजून फुंकता येत नसेल तर वाजवणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या. इथे त्याला पर्याय नाही, कारण फुंकीचा कोन बदलला तरी सूर हलतो.

पट्टी सांगताना गोंधळ होतो. हिंदुस्थानी पद्धतीत पांढरी तीनची बासरी म्हणजे तीन छिद्रं बंद असताना पांढरी तीन वाजते ती. इतर काही पद्धतींत सगळी छिद्रं बंद असतानाच्या सुरावरून नाव पडतं. बासरीवर कोरलेल्या अक्षराचा अर्थ विक्रेत्याला विचारून घ्या. पांढरी तीनची बासरी साधारण पाऊण मीटर लांब असते आणि छिद्रांमधलं अंतर नवख्या बोटांना झेपत नाही. पांढरी पाच किंवा सहाची मधली बासरी घ्या, हात मोकळा झाला की लांब बासरीकडे जा. बांबूला उभी चीर नाही ना हे उजेडात धरून, नखाने चाचपून पाहा.

छोट्या मुलाला नुसती फुंकून चाल वाजवायची असेल तर प्लास्टिकचा सोप्रानो रेकॉर्डर (उभं धरून फुंकायचं बासरीसारखं वाद्य) हाही पाहा. स्वस्तातले चांगले रेकॉर्डर चकित व्हावं इतके सुरात असतात. बरोक आणि जर्मन अशा दोन बोटठेवणी मिळतात, त्यातली बरोक घ्या, पुढे अडत नाही.

*तबला*

दायाच्या, म्हणजे उजव्या तबल्याच्या, पुडीला (वरच्या चामड्याला) कडेने सोळा घरं असतात. चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्ट्यावर) प्रत्येक घरासमोर बोटाने एकसारखं वाजवत फिरा. सूर सगळीकडे एकच आला पाहिजे. दोन-तीन घरं उतरलेली असतील तर विक्रेत्याला हातोडीने गजरा (पुडीभोवतीची चामड्याची वेणी) ठोकून जुळवायला सांगा. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर पुडीतच दोष आहे. शाईला (मधल्या काळ्या गोलाला) तडे गेलेत का, कडेचे कण सुटतात का, ते पाहा. दायाचं लाकूड जड असलेलं बरं. डग्गा (डावा) तांब्या-पितळेचा महाग पडतो, स्टीलचा स्वस्त आणि हलका. सुरुवातीला स्टीलचा चालेल, पण अगदी पातळ पत्र्याचा नको, तो मनगट घासताना चुंबळीवरून सरकतो. तोंडाचा व्यास लहान तितका दायाचा सूर चढा, तेव्हा गाणाऱ्याच्या पट्टीचा किंवा गुरुजींच्या पट्टीचा विचार इथे आधीच झालेला असावा.

*व्हायोलिन आणि फुंकीची मोठी वाद्यं*

व्हायोलिनच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: शक्य असेल तर पहिलं वर्ष भाड्याने घ्या. मुलांसाठी तर नक्कीच, कारण व्हायोलिन मापात येतं, पाव, अर्ध, पाऊण, पूर्ण, आणि मूल वाढलं की माप बदलावं लागतं. हात कडेला सरळ पसरून व्हायोलिन खांद्यावर ठेवा. टोकाची नक्षीदार गुंडाळी तळहातात अलगद येत असेल तर माप बरोबर. ती बोटांच्याही पलीकडे जात असेल तर वाद्य मोठं आहे.

विकतच घ्यायचं तर खुंट्या घट्ट बसून राहतात का, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) सरळ उभी आहे का, आणि आत उभा असलेला छोटा लाकडी खांब, म्हणजे साउंडपोस्ट, जागेवर आहे का, हे पाहा. एफ-आकाराच्या छिद्रातून तो दिसतो. पार्सलने मागवलेल्या व्हायोलिनची घोडी बऱ्याचदा वेगळी ठेवलेली असते आणि ती बसवणं नवख्याचं काम नाही. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर साउंडपोस्ट आडवा पडू शकतो, म्हणून तारा बदलताना एकेक करूनच बदला. चारही तारांना शेपटाजवळ बारीक सुरासाठीचे स्क्रू असलेलं व्हायोलिन नवशिक्याला फार सोपं जातं.

ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांनाही भाड्याचाच सल्ला. त्यांच्या पॅड, झडपा आणि सांध्यांची तपासणी जाणकाराशिवाय होत नाही, आणि अगदी स्वस्त असतील तर त्यांच्या दुरुस्तीला बरेच कारागीर हातच लावत नाहीत.

पायरी ४: घ्यायच्या दिवशी

एकाच दुकानात एकाच नमुन्याची दोन-तीन वाद्यं असतील तर सगळी काढून दाखवायला सांगा. स्वस्त वाद्यांत एकाच खोक्याच्या रांगेतली दोन वाद्यं जुळी नसतात. एकाची नट चांगली, दुसऱ्याची मान वाकडी. समोर ठेवलेलं पहिलं उचलू नका.

सोबत वाजवणारा मित्र असेल तर त्याला दोनच प्रश्न विचारा: सुरात राहतं का, आणि हाताला सोपं आहे का. "आवाज कसा आहे?" हा प्रश्न त्याला विचारू नका. तो चांगला वाजवत असल्याने त्याच्या हातात वाईट वाद्यही गोड लागतं.

ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा, आणि वाद्य आल्या दिवशीच वरच्या सगळ्या तपासण्या करा. आठवडाभर "नवीन आहे, बसेल हळूहळू" म्हणत मुदत घालवू नका. सैल तारा बसतात, वाकडी मान बसत नाही.

पायरी ५: जुनं वाद्य

त्याच पैशात वापरलेलं वाद्य घेतलं तर बहुतेक वेळा एक पायरी वरचं मिळतं. हौसेने घेऊन सहा महिन्यांत सोडून दिलेली कितीतरी वाद्यं घराघरांत पडून असतात.

गिटारमध्ये ब्रिजच्या मागे कागदाची कड सरकवून पाहा. आत शिरली तर ब्रिज उचलला गेला आहे. फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खोल खाचा असतील तर तो खर्च मोठा असतो. कीबोर्डची प्रत्येक पट्टी वाजवा, हळू आणि जोरात, दोन्ही. बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरा थर जमलाय का पाहा. ॲडॅप्टर मूळचाच आहे का विचारा. दुसरा लावायचा तर व्होल्ट आणि ध्रुवता (अधिक-उणे कुठल्या बाजूला ते) कीबोर्डच्या मागे छापलेल्या खुणेशी जुळलीच पाहिजे, उलटी लावली तर वाद्य जळू शकतं. पेटी घेताना पाठीमागचं झाकण उघडून आत कसर लागली आहे का, भात्याच्या घड्या कुरतडलेल्या आहेत का, ते पाहा. जुन्या तबल्याची पुडी बदलता येते, म्हणून जुन्यात लाकडाला भेग नसणं एवढंच महत्त्वाचं. जुनी बासरी मात्र मी घेत नाही.

पायरी ६: घरी आल्यावर पहिला महिना

नव्या तारा ताणल्या जातात, म्हणून पहिले काही दिवस दर दहा मिनिटांनी सूर उतरेल. नायलॉनच्या तारांना आठवडाही लागतो. वाद्य खराब निघालं असं समजू नका. ट्यूनर ४४० हर्ट्झवर लावलेला आहे ना तेवढं पाहा. चुकून दुसरा आकडा निवडला गेला असेल तर एकट्याने वाजवताना काही कळत नाही आणि दुसऱ्यासोबत बसलं की काहीच जुळत नाही.

वाद्य पिशवीत घालून कपाटात ठेवू नका. डोळ्यांसमोर, स्टँडवर किंवा भिंतीवर ठेवा, पण उन्हात किंवा हीटरजवळ नको. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. बंद गाडीत तर कुठलंच वाद्य सोडू नका, उष्णतेने सरस वितळून सांधे सुटतात. व्हायोलिनच्या गजाचे केस वाजवून झाल्यावर सैल करा. गिटारच्या स्टीलच्या तारा कोरड्या कापडाने पुसून ठेवा, त्या जास्त टिकतात.

वाद्य बदलायची घाई साधारण तिसऱ्या महिन्यात सुरू होते, जेव्हा प्रगती मंदावते आणि दोष वाद्याचा वाटू लागतो. तेव्हा एकदा कारागिराकडून तपासून घ्या आणि वाद्य ठीक असेल तर वाजवत राहा. खरोखर बदलायची वेळ येते तेव्हा वाद्य नेमकं कुठे अडतंय ते तुम्हाला बोटाने दाखवता येतं: ६१ पट्ट्या संपल्या आणि डाव्या हाताला खालचा षड्ज सापडला नाही, किंवा हळू वाजवायला गेलात आणि पेटीची रीड बोललीच नाही. मग नवं वाद्य पाहायला जाताना तेवढी एक ओळ सोबत नेली की विक्रेत्याला काय दाखवायला सांगायचं ते ठरलेलं असतं.